डावीकडे वळणारा चौकोन

कोडिंगचा म्हणे वेगळा तास घ्यायचा नाही. गणितात शिकवायचं, मराठीत शिकवायचं, परिसर अभ्यासातही शिकवायचं. प्रशिक्षणातले सर म्हणाले, "भाजीत मीठ कसं असतं मॅडम, दिसत नाही पण असतं, तसं." मी मागच्या बाकावरून पुटपुटले, "आधी भाजी तर शिजू द्या." शेजारची खुदकन हसली आणि सरांनी नेमकं मलाच उभं केलं. हिच्या जिभेला हाड नाही, असं माझी आई लहानपणापासून म्हणत आलीय. खोटं नाही म्हणत.

त्या दिवसांत माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. शाळा धडगावपासून जीपने वर, मग थोडं पायी. मी धडगावात भाड्याच्या खोलीत राहायचे. नवरा, त्याची पपईची बाग, सासूबाई आणि माझी पोर खाली शहाद्याकडे. शनिवारी शाळा सुटली की घाट उतरायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत पुन्हा चढायला लागायचं. पोर जूनमध्ये पहिलीत जाणार होती. मी तिला शब्द दिला होता, पहिल्या दिवशी मीच तुला बोट धरून शाळेत नेणार. आता शाळा सगळीकडे एकाच दिवशी उघडतात. मी वरच राहिले, तर त्या सकाळी मी दुसऱ्यांच्या पोरांचं स्वागत करत उभी असणार. म्हणजे उन्हाळ्यात बदली होऊन खाली तिच्याच शाळेत जाणं, एवढाच मार्ग. अर्ज टाकला होता, आणि यंदा जमेल असं सगळेच म्हणत होते.

फोनवर तिचं रोज एकच. "मम्मी, तू मन्हासंगे येशी ना?"

"येसू ना बेटा," मी म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर खोलीत उगाच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायचे.

तर कोडिंग. एक लॅपटॉप आला होता आणि एक पुस्तिका. आमच्या पोरांना मराठीसुद्धा शाळेत आल्यावरच भेटते, घरी सगळी पावरी बोली. त्यात ही तिसरी भाषा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पण परिसर अभ्यासाच्या तासाला मी सहज विचारलं, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलीत, तर त्यांच्या राखणदाराला काय काय सांगून जाल? पोरं सुटलीच. जर आभाळ आलं तर फुलं आत घे, नाहीतर वाळू दे. जर बकरी आली तर हाकल, नाहीतर बस. 'जर', 'तर', 'नाहीतर' हे शब्द त्यांना इतके आवडले, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: जर मॅडम रागावल्या तर खाली बघ, नाहीतर हस. मी रागावले. सगळ्यांनी खाली बघितलं, आणि माझंच हसू फुटलं.

अशात मुख्याध्यापक सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तालुक्याचे साहेब येणारेत कोडिंग बघायला. ज्या शाळेचं काम आवडेल ती बाकीच्यांना दाखवायला ठेवणार. आणि तिथल्या शिक्षकाला हलवणार नाहीत. लेखी नाही, पण बोलणं झालंय."

"म्हणजे नीट शिकवलं तर शिक्षा?"

"तसंच समजा." सर भला माणूस. त्यांना माझ्या पोरीचं सगळं माहीत होतं. म्हणाले, "थोडं हात राखून करा ना."

हात राखून! मी प्रयत्न केला, खरंच केला. सकाळी जीपमध्ये बसल्यावर ठरवायचे, आज नुसती पुस्तिका वाचून दाखवायची. पण खडू हातात आला की माझं मला राहत नाही. संध्याकाळी परतताना स्वतःवरच चरफडायचे. जेवण गोड लागेना, झोप लागेना. चांगलं झालं तरी जीव जळायचा आणि वाईट झालं तरी.

गणितात चौरस आला, पोरांच्या भाषेत चौकोन. पुस्तिकेत लिहिलं होतं: पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ, हेच चार वेळा कर. लॅपटॉप एकच, म्हणून आधी आवारातच करायचं ठरवलं. एक पोर यंत्र होणार, बाकीचे हुकूम देणार, यंत्राने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पहिलं यंत्र पुढे गेलं आणि वळलं डावीकडे. दुसरं यंत्र उभं केलं, तेही डावीकडे. मी ओरडले, "उजवा हात कुठला? जेवता कुठल्या हाताने?" सगळ्यांनी बरोबर उजवा हात वर केला. "मग वळा तिकडे!" चालायला लागले आणि पुन्हा डावीकडे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, ही पोरं माझी थट्टा करतायत.

तेव्हा पाचवीतली एक मुलगी पुढे आली. ही फार बोलायची नाही. तिने डावा हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, होळी या हाताला असते."

होळी होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. या पोरांनी ढोलावर रात्र रात्र फेर धरला होता. जाळ डाव्या हाताला आणि फेर डावीकडे वळत वळत. लग्नातला नाचही तसाच. मी इतकी वर्षं कडेला उभी राहून तो बघितला, फोटो काढले, पण फिरतात कुठल्या बाजूने ते कधी ध्यानातच घेतलं नाही. "आणि उजवीकडून फिरलं तर?" मी विचारलं. "तसं फिरत नाहीत," ती म्हणाली, एखाद्या खुळीला समजवावं तशी.

मी पायरीवर बसले. चौकोन कुठूनही वळू दे, चार बाजू सारख्या आणि चार कोन काटकोन झाले म्हणजे झालं. मी फळ्यावरचं 'उजवीकडे' पुसलं आणि विचारलं, आता पुस्तकातला चौकोन आणि आपला चौकोन यांत फरक काय? त्या मुलीने लॅपटॉपवर डावीकडे वळायचा हुकूम जोडला, आणि 'चार वेळा कर' असा वेढा सगळ्या हुकुमांभोवती घातला. पडद्यावर रेघ निघाली, वळली, वळली आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. पोरांनी होळीच्या नाचात मारतात तशी कुरकी मारली, अशी आरोळी, की शेजारच्या शेतातली बाई बघायला आली.

साहेब आले त्या सकाळी मी जीपमध्ये देवाचा धावा करत होते. फसू दे रे देवा. पोरांना बोलता येऊ नये, लॅपटॉप बंद पडावा, काहीही होऊ दे. शिक्षकाने असलं मागू नये, मला कळतं. पण मागितलं.

आणि फसलंच. ती मुलगी लॅपटॉपपुढे बसली, न अडखळता हुकूम जोडले, चौकोन काढला. साहेबांनी पुस्तिका उघडली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तिकेकडे. "इथे उजवीकडे दिलंय. हे डावीकडे काढतायत. म्हणजे दिशाच कळलेली नाही." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. सकाळपासून बऱ्याच शाळा झाल्या असाव्यात. पुस्तिका मिटली, चष्मा खिशात गेला. मुख्याध्यापक सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. गप्प बसा, सुटलात.

मी मूग गिळून उभी राहिले. खरंच सुटले होते. मनात पोरीचा हात हातात घेऊन शाळेच्या फाटकाशी पोचलेसुद्धा.

इकडे ती मुलगी पडद्यावरचा एकेक हुकूम पुसायला लागली. खाली मान घालून, न रडता. डावीकडचा पुसला आणि त्या जागी उजवीकडचा शोधायला लागली.

"पुसू नको गं!" मी इतक्या जोरात ओरडले, की साहेब दचकले. "साहेब, मोजा तो चौकोन. बाजू मोजा, कोन मोजा. चौकोनाला पाठ-पोट असतं का? तुमच्या पुस्तिकेचा माणूस कधी होळीला नाचला नसेल, यात माझ्या पोरांची काय चूक?"

सरांनी कपाळाला हात लावला.

मग मी थांबलेच नाही. पोरांना आवारात काढलं, मधे पाण्याची बादली ठेवली, म्हटलं ही होळी, चला. साहेबांनाच यंत्र केलं. ती मुलगी हुकूम सोडायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने. साहेब दोनदा उजवीकडे वळले आणि दोन्ही वेळा समोरून येणाऱ्या पोरांवर आदळले. तिसऱ्यांदा डावीकडे वळले आणि स्वतःच हसायला लागले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाले, "अहो मॅडम, विषयात कोडिंग म्हणजे हेच तर! पुस्तिकेत हेही घालायला हवं. तुम्ही इथेच हव्यात." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मे महिन्यात बदल्या झाल्या. माझं नाव नव्हतं. नवरा पपईला पाणी द्यायला निघून गेला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सासूबाई मात्र बोलल्या, "तुले तोंड आवरता येस नही, मी काय करू?" मी सुट्टीभर पोरीला सांगेन सांगेन म्हणत राहिले. तिचं दप्तर घेतलं, पाण्याची बाटली घेतली, पण सांगायचं काही धाडस होईना. शेवटी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वर परत आले आणि संध्याकाळी खोलीतून फोन लावला.

"बेटा, मला उद्या नाही येता येणार." तिच्याशी मी एरवी अहिराणीतच बोलते. त्या वेळी ती तोंडात आलीच नाही.

मला वाटलं रडेल, फोन फेकेल. चांगलं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "आजी माले ली जाई. मी शाळामा गई की आजी तुले फोन लावी. तू उचलशी ना?"

"उचलसू," मी म्हटलं.

आमच्या शाळेत रेंज येत नाही.