फोनमुक्तीचा अध्यक्ष

पूर्व परीक्षेला अडीच महिने उरले असताना, फोनचा नाद सुटावा म्हणून मी फोनवर एक ग्रुप काढला.

दिल्लीत करोल बागेत तेव्हा आम्ही दोघं राहायचो, मी पुण्याचा आणि जोडीदार नांदेडचा. खोली कसली, एका खोलीत प्लायवूडची भिंत घालून केलेल्या दोन खोल्यांपैकी एक. दोघंही कलेक्टर व्हायला आलेले. त्याचा दुसरा अटेम्प्ट, माझा तिसरा, आणि शेवटचाही. हा शेवट सरकारी नियमाने ठरलेला नव्हता, ताईने ठरवला होता. ताई गुडगावला आयटीत. अठराव्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटवर मी दर रविवारी वरणभात जेवायला जायचो. तिथेच एकदा ताटात तूप वाढता वाढता तिने सांगून टाकलं, "या वेळी पूर्व निघाली नाही, तर गपचूप आमच्या ऑफिसात चिकटायचं. मी बोलून ठेवलंय."

मी हादरलो. दिवसाचे चार-पाच तास फोनमध्ये जातात हे मला ठाऊक होतं. म्हणून 'फोनमुक्ती' ग्रुप. नियम साधा: दर तासाला कळवायचं की गेल्या तासात फोनला हात लावला नाही.

यातली गोम तुम्हाला एका क्षणात कळली असेल. मला दोन महिने लागले.

सुरुवातीला आमच्या गल्लीतले सात जण होते. "नऊ ते दहा, हात नाही," "दहा ते अकरा, हात नाही," असं छान चाललं होतं. मग एकाने शंका काढली की लोक थापा मारतात. मी लगेच पुराव्याचा नियम केला: फोन बॅगेत ठेवून त्याचा फोटो टाकायचा. आता बॅगेतल्या फोनचा फोटो काढायला दुसरा फोन लागतो. आमची पोरं रीडिंग रूममध्ये शेजारच्याला हलवून म्हणायची, "भैया, एक फोटो खींच दो ना." तोही बिचारा आपला फोन काढायचा आणि मग पुढचा अर्धा तास त्यातच. थोडक्यात, जे ग्रुपमध्ये नव्हते त्यांचाही अभ्यास आम्ही बुडवला.

लातूरची एक मुलगी दुसऱ्याच दिवशी ग्रुप सोडून गेली. "मला हे जमायचं नाही, माझा आधुनिक इतिहास राहिलाय," असं लिहून गेली. तिचं उदाहरण घेऊन पुढे महिन्याभराने मी शिस्तीवर एक लेख टाकला. चांगला झाला होता. एकशे चाळीस जणांनी पसंतीचा अंगठा टाकला. हो, तोवर आम्ही तेवढे झालो होतो. नोएडाची दोन आयटीवाली माणसंही आली. त्यांना कसलीच परीक्षा नव्हती, पण वातावरण आवडलं म्हणे.

जोडीदार ग्रुपात कधी आलाच नाही. त्याचा फोन बटणांचा. तो पाठमोरा बसून भूगोल वाचायचा आणि मधूनच मान न वळवता विचारायचा, "काय अध्यक्ष, किती जण मुक्त झाले आज?"

"तू हसू नको. चळवळ आहे ही."

"ते दिसतंय. खाटेवरून उठला नाहीस सकाळपासून."

सराव परीक्षेत माझे मार्क आधीच्यापेक्षा बावीसने घसरले. रविवारी ताईला ग्रुप दाखवला, म्हटलं निदान प्रयत्न तरी दिसेल. तिने अंगठ्याने वर-वर सरकवत सगळं वाचलं आणि म्हणाली, "आमच्याकडे याला रिव्ह्यू मीटिंग म्हणतात. काम होत नसलं की घेतो."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ठरवलं, ग्रुप सोडायचा. पण अध्यक्षाने असं न सांगता जाणं बरं दिसेना. निरोपाचं पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा फार कोरडा, दुसरा रडका. तिसरा टाकला, त्यावर ऐंशी-नव्वद उत्तरं आली. प्रत्येकाला नावानिशी धन्यवाद दिले. काहींनी थांबायचा आग्रह केला, त्यांची समजूत काढली. आठवडा गेला. मग मी खरोखर बाहेर पडलो आणि पुस्तक उघडलं, तेव्हा परीक्षेला अकरा दिवस होते. ते अकरा दिवस मात्र असं वाचलं की ज्याचं नाव ते.

निकालाच्या दिवशी दोघं कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. यादीत नुसते बैठक क्रमांक. जोडीदाराचा सापडला. लातूरच्या मुलीचा निकाल तिनेच फोनवर सांगितला, तीही पास. माझा क्रमांक आम्ही वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला, शेवटी कॅफेवाल्यानेही पाहिला.

बाहेर येऊन ताईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "सोमवारी साडेनऊ. फॉर्मल शर्ट घालून ये."

मी चहाच्या टपरीवर बसकण मारली. म्हटलं, "तीन वेळा बसलो यार, तीनदा नापास."

जोडीदाराने माझ्यासाठीही चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाला, "दोनदाच. या वेळी परीक्षेला आम्ही बसलो होतो. तू सूत्रसंचालन केलंस."