एक आवाज की दोन

१९९६ साल. मी सत्तावन्न वर्षांचा होतो, आणि हुबळीच्या बाजारात माझ्याइतकी तराजूची चोख दांडी धरणारा दुसरा दुकानदार नाही असं समजत होतो. आजही समजतो.

आमचं भुसारी दुकान. ज्वारी, डाळी, शेंगदाणे, गूळ. माझे वडील मिरजेकडून इकडे आले आणि मी चौथीतून शाळा सोडून त्यांच्या शेजारी बसलो. शाळा सुटल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण धाकटी मुलगी निघाली हिशेबात तल्लख. गिऱ्हाईक बोलत असतानाच हिची बेरीज तयार. दहावीला मार्क चांगले पडले तेव्हा घरातले सगळे नको म्हणत असताना मी तिला सायन्सला घातलं. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवर जाऊन पुस्तकं मी स्वतः घेतली. आत काय आहे ते मला कळत नव्हतं, पण जाडी बघूनच छाती फुगली.

आणि ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, फिजिक्समध्ये नापास झाली. गणितात पास, केमिस्ट्रीत पास, एकट्या फिजिक्समध्ये गेली.

बाजारात लोक विचारायचे ते वेगळंच. घरात त्याहून वाईट. माझा मेहुणा मिरजेला असतो, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं लगेच तिथलं एक स्थळ काढलं. "दाजी, मुलगा एकुलता आहे, ते लोक फार थांबणार नाहीत." मी म्हटलं, "ऑक्टोबरची परीक्षा होऊ दे. त्यातही गेली तर मी तोंड उघडणार नाही. तू म्हणशील त्या दिवशी मुहूर्त धर." मुलगी दाराशी गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले.

नवनगरात एक रिटायर झालेले लेक्चरर होते, घरीच शिकवणी घ्यायचे. कन्नड माणूस, मराठी बरं बोलायचे. त्यांच्याकडे तिला लावलं. रोज बसनं जायची, यायची. परीक्षा महिन्यावर आली असताना एके दिवशी संध्याकाळी आली ती सरळ आत गेली आणि जेवायला उठेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही अण्णा."

"काही नाही म्हणून कुणी भाकरी सोडतं का?"

मग सांगायला लागली. "सरांनी मला उभं केलं. म्हणाले, तुमच्या दुकानातलंच घे. दोन किलोचं वजन आणि दोनशे ग्रॅमचं वजन गच्चीवरनं एकदम सोडलं, तर आधी कुठलं पडेल?"

"मग?"

"मी म्हटलं, दोन किलोचं."

"बरोबर की. त्यात रडायचं काय?"

"चूक आहे. दोन्ही एकदम पडतात."

मी घास खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे. पेपरला येतं. मी पाठसुद्धा केलं होतं हो अण्णा, पण सरांनी दुकानाचं नाव काढलं आणि तोंडातनं तेच आलं. सगळे हसले. सर म्हणाले, तुझ्या डोक्यात तुझ्या बापाचा तराजू बसलाय. तो आधी उतरव, नाहीतर जन्मभर नापास होत राहशील."

माझं डोकं फिरलं. मुलीला बोलले असते तर चाललं असतं, मास्तर बोलणारच. पण तराजू! खंडेनवमीला आम्ही त्या तराजूला हळदकुंकू वाहतो. आणि तिचं चुकलं काय होतं? रांगायला लागल्यापासून ती त्याच्यासमोर वाढली. जड पारडं खाली जातं, हलकं वर राहतं. दोन किलोचं लोखंड ठेवलं की पारडं दाणकन बसतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. भूक लागते तसं ते माहीत असतं.

"तुला पटलंय का, दोन्ही एकदम पडतात ते?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "नाही. म्हणूनच तर भीती वाटते."

बायको ताट उचलता उचलता म्हणाली, "अहो, आता पुरे झालं. उद्या संध्याकाळी भाऊ येतोय. परवा सकाळच्या गाडीनं परत जाणार. त्याला हो सांगा आणि पोरीला मोकळं करा. किती रडवायचं तिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या. मयताशिवाय आमच्या फळ्या दुपारी कधी लागल्या नव्हत्या. दोन किलोचं वजन घेतलं, दोनशे ग्रॅमचं घेतलं, दोन रिकामी पोती घेतली, आणि मुलीबरोबर नवनगरच्या बसमध्ये बसलो. ती वाटेत म्हणाली, "अण्णा, भांडू नका." मी म्हटलं, "भांडायला नाही, मोजायला चाललोय."

वरच्या मजल्यावर खोली भरून पोरं बसली होती. सर उठून आले. "बर्री, बर्री, या, बसा." मी बसलो नाही. पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. लोखंडाचा आवाज झाला तशी पोरं गप्प झाली.

"तुम्ही माझा तराजू काढलात," मी म्हटलं. "ही त्याचीच वजनं. सरकारी शिक्क्याची आहेत."

"अहो, मी तसं नाही म्हटलं, मालक. फिजिक्समध्ये..."

"फिजिक्स मला कळत नाही. मी या पोरांना एक विचारू का?"

सरांनी हात पुढे केला, विचारा म्हणून.

मी पोरांकडे वळलो. "दोन्ही एकदम पडतात असं कोण कोण म्हणतं?"

सगळे हात वर. माझी मुलगी सोडून. सर हसले.

"बरं. आता विद्येची शपथ घेऊन सांगा. पेपरात काय लिहायचं ते नको. उद्या गच्चीवरनं खरंच पडलं तर काय होईल, ते सांगा. एकदम पडतात?"

आमच्याकडे पोरं आईची खोटी शपथ घेतील, विद्येची घ्यायला घाबरतात. परीक्षा तोंडावर असताना तर फारच. पहिल्या बाकावरचा एक हात खाली आला. मग त्याच्या शेजारचा. मग खिडकीकडची ओळ. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, लिहायचं ते तेच लिहू की, पण शपथ कशाला?" कुणी हसलं नाही. शेवटी दोन हात राहिले, आणि त्यातला एक पोरगा दुसऱ्याकडे बघून हात वर ठेवत होता.

सरांचा चेहरा उतरला. आवाज चढवून म्हणाले, "अरे, महिनाभर मी काय शिकवलं मग?"

"टाकून बघितलंय का तुम्ही कधी?" मी विचारलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "हे सिद्ध झालेलं आहे. टाकायची गरज नसते."

"मला आहे. इथे, आत्ता. दोन किलोचं आधी पडलं तर माझी मुलगी उद्यापासून तुमच्याकडे येणार नाही. खोटं शिकायला मी तिला पाठवत नाही. सकाळी मिरजेला हो म्हणून कळवतो आणि विषय संपवतो."

"आणि एकदम पडली तर?"

"तर ती म्हणेल तिथपर्यंत शिकेल. पास होवो, नापास होवो. माझ्या घरात कुणी एक शब्द काढणार नाही."

हे बोलून झाल्यावर मी मुलीकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. मला वाटलं माझ्या धीटपणामुळे. नंतर लक्षात आलं, तिलाही माझ्यासारखंच पक्कं वाटत होतं की दोन किलोचंच आधी पडणार. म्हणजे तिच्या हिशेबानं तिचं शिक्षण त्या क्षणीच संपलं होतं.

मागच्या अंगणात मी पोती पसरली. शिक्क्याचं वजन फरशीवर आपटायचं नसतं. सर वरून ओरडले, "पोत्यावर आवाज कसा येईल?" मग पोरांनी न्हाणीघरावरचा जुना पत्रा काढून पोत्यांवर टाकला. ठरलं असं, की दोन आवाज आले तर मी बरोबर, एक आला तर ते बरोबर. टाकणार कोण यावर अडलं. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, माझा त्यांच्यावर नाही.

"मी टाकते," मुलगी म्हणाली.

मी वजनं तिच्या हातात दिली.

ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली, एका हातात दोन किलो, एका हातात दोनशे ग्रॅम. पोरं अंगणाच्या कडेनं भिंतीला टेकून उभी. मी आणि सर पत्र्यापासून चार हात लांब. दोन किलोचं वजन तिनं दोनदा सावरून धरलं. सर म्हणाले, "सोड."

ठण्ण. ठण.

दोन! अगदी स्वच्छ दोन. पोरांत गलका झाला. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नाही, नाही, काहीतरी चुकलं," आणि मी म्हटलं, "चुकलं की, सिद्ध झालेलं चुकलं." मागचा तो पोरगा फिस्सकन हसला.

मी वजनं उचलायला वाकलो, तेवढ्यात वरून हाक आली.

"अण्णा, थांबा. जडाचा हात आधी सुटला माझा."

सगळे वर बघायला लागले.

"नक्की?" मी विचारलं.

"हात दुखत होता. आधी सुटला. हे धरायचं नाही."

आता काय करावं? मिरज नको म्हणून ही वाट्टेल ते बोलत असेल, असं पहिल्यांदा मनात आलं. पण ती माझ्या गादीवर वाढलेली. आमच्यात माणूस इतर ठिकाणी काय बोलतो ते मी सांगत नाही, पण मापात खोटं बोलत नाही. पारड्याला बोट लागलं तर आपणच सांगायचं आणि परत तोलायचं.

"परत," मी म्हटलं.

वजनं वर पोचवली. तिनं ती हातात घेतलीच नाही. कठड्याच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवली आणि खाली वाकून म्हणाली, "सर, तुमची फळ्यावरची लांब पट्टी घेते. हातानं नको. पट्टीनं दोन्ही एकदम ढकलते."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मानेनं हो म्हटलं.

बायामाणसं कपडे वाळत घालायची थांबून शेजारच्या गच्चीवरनं बघत होती. पट्टी दोन्ही वजनांमागे आडवी लागलेली मला खालून दिसत होती. माझी दांडी खोटी ठरू नये असं वाटत होतं, आणि तिचे दोन हात त्या पट्टीवर बघितल्यावर ती खरी ठरू नये असंही. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, ते मला विचारू नका.

तिनं ढकललं.

ठण्ण.

मी दुसऱ्याची वाट बघत राहिलो. दुसरा आलाच नाही.

"परत," मी म्हटलं. "बाजू बदलून."

बाजू बदलली. एकच आवाज. मी परत म्हटलं. पुन्हा एकच, आणि या वेळी पत्र्याला भोक पडून, पोती फाटून दोन किलोचं वजन खाली फरशीला लागलं. उचलून बघितलं तर कोपऱ्याचा टवका उडाला होता.

मी ते हातात घेऊन उभा राहिलो. सर जिंकले होते. मी त्यांना विचारलं. "मग पारडं का जातं हो खाली? जन्मभर बघतोय मी. ते काय खोटं आहे?"

सर तोंड उघडणार, तेवढ्यात ती जिना उतरून आली. धापा टाकत होती.

"खोटं नाही अण्णा. पारड्यात दोघं एका दांडीला बांधलेले असतात. जड खाली जायचं तर हलक्याला वर यावंच लागतं, ते त्याला ओढतं. इथे दांडीच नाही. इथे कुणी कुणाला बांधलेलं नाही, म्हणून..." ती सरांकडे वळली. "सर, असंच ना?"

"असंच," सर म्हणाले. मग पोरांकडे बघून जरा रागानंच म्हणाले, "ऐकलंत? लिहून घेऊ नका. ऐका."

आम्ही बसनं परत आलो. मी हरलो असं मी म्हणालो नाही, तिनंही म्हणायला लावलं नाही. घरी मेहुणा येऊन बसला होता. "काय दाजी, काय ठरवलंत?" मी म्हटलं, "सकाळी सांगतो." बायकोनं माझ्या हातातलं वजन बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पाणी आणायला गेली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. तेच टवक्याचं वजन आणि घरातलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन घेऊन आमच्या माडीवर गेलो. मागच्या बोळात रिकाम्या तेलाच्या डब्यांची चवड होती. कठड्यावर दोन्ही मांडली आणि कापड मोजायच्या जुन्या गजानं ढकलली. मेहुणा बोळात दात घासत होता, तो ब्रश तोंडात घेऊन उडालाच.

"दाजी! काय पडलं?"

"ते सोड. आवाज किती आले?"

"किती म्हणजे? एकच."

"नीट आठव."

"एकच हो! काय पडलं पण?"

"तुझं मिरजेचं स्थळ," मी म्हटलं. "त्यांना सांग, मुलगी शिकतेय. वाट बघू नका."

खाली येऊन अंघोळ केली. मुलगी पुस्तकं घेऊन नवनगरच्या बसला निघून गेली होती. मी दुकान उघडलं, टवक्याचं वजन वजनमापाच्या कचेरीत दाखवायला बाजूला काढलं, आणि त्याच्या जागी एक एक किलोची दोन वजनं मांडून ठेवली.