सुगुणा आत्या आणि कूडममधला स्क्रीन

आमच्या घरातल्या त्या स्क्रीनबद्दल कोणी विचारलं की मी एकच किस्सा सांगायचं ठरवते. पण एकातून दुसरा निघतो, आणि शेवटी समोरच्याची कॉफी गार होते. परवा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आता लिहूनच काढ बाई.

आधी माणसं सांगते. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. तंजावुरातल्या घरात आम्ही दोघी, मी आणि माझी सुगुणा आत्या. आत्या मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात अजून तिचीच घंटा चालते. माझी नोकरी पापनाशमला, त्यामुळे दिवसभर ती एकटी. गेल्या वर्षी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना ती चक्कर येऊन पडली. शेजारच्या मंगळम मामींनी तिला धरून आत आणलं. माझा धाकटा भाऊ रघू चेन्नईला असतो. त्याला हे कळल्यावर त्यानं आत्यासमोर दोनच पर्याय ठेवले. कायमची चेन्नईला ये, नाही तर मी पाठवतो तो स्मार्ट डिस्प्ले घरात लावून घे.

आत्या म्हणाली, "डिस्प्ले पाठव."

* * *

लावायचं काम माझ्याकडे, फोनवर रघू. वायफाय जोडेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग स्क्रीननं विचारलं, मला कुठल्या खोलीत ठेवलंय? यादीत किचन होतं, बेडरूम होती, लिव्हिंग रूम होती. आमच्याकडे घराच्या मधल्या मोठ्या जागेला कूडम म्हणतात. ते कुठे असणार! रघू म्हणाला, लिव्हिंग रूम टाक अक्का, काय फरक पडतो.

आत्या माझ्या मागेच उभी होती. "लिव्हिंग रूम कां? बाकीच्या खोल्यांत आपण मेलेले असतों काय?"

रघूनं समजावलं, अगं, ते नुसतं नाव असतं. आत्याचं म्हणणं, नुसतं नाव आहे ना, मग आपलंच असू दे. अर्धा तास ती जागची हलली नाही. शेवटी यादीच्या अगदी तळाशी आपणच नाव लिहायची सोय सापडली. यंत्रातली बाई इंग्रजी नाकातून म्हणाली, 'कूडम डिस्प्ले इज रेडी.' नव्या मुलीनं वर्गात नाव नीट सांगितल्यावर डोलवावी तशी आत्यानं मान डोलावली.

* * *

भाषेच्या यादीत इंग्रजी होती, हिंदी होती. मराठी नव्हती, तमिळही नव्हती. मी इंग्रजी ठेवली.

आत्या दुपारी त्याच्यावर वीणा ऐकायची. एका रविवारी आभाळ भरून आलं. मी शिकवल्याप्रमाणे तिनं त्याला नावानं हाक मारली आणि विचारलं, "पाऊस येईल की काय, सांग पाहूं."

वीणा थांबली. आत्याला वाटलं, विचार करतंय. बराच वेळ झाला तरी उत्तर नाही. वीणा पुन्हा सुरू करून पुन्हा विचारलं, पुन्हा सगळं शांत. तिनं मला बोलावलं आणि तक्रार केली की रघूचं यंत्र आळशी आहे, पाऊस म्हटलं की गप्प बसतं. मी ऐकून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. आपला 'पाऊस' त्याला 'पॉज' ऐकू येत होता!

मी म्हटलं, आत्या, वेदर म्हण, लगेच सांगेल.

"पावसाला मी पाऊसच म्हणणार. त्याला कळेल तेव्हां कळेल," असं म्हणून ती अंगणात गेली, वर बघितलं आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. शेवटची साडी आत येईपर्यंत सर आलीच.

* * *

पुण्याला मी काही वर्षं नोकरी केली होती. तिथली एक मैत्रीण नवऱ्याबरोबर इथलं मोठं देऊळ बघायला आली आणि आमच्याकडे जेवायला थांबली. नवरा बोलायला उत्साही. आत्याचं बोलणं ऐकून म्हणाला की तुमची मराठी फार गोड आहे, अगदी जुन्या वळणाची. मग पाऊस आणि पॉजची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला की थोडी शुद्ध बोललात तर यंत्राला नक्की कळेल.

आत्या शांतपणे म्हणाली, "तुम्हीच सांगून बघा की."

तो खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला आणि बातम्या देतात तशा मराठीत म्हणाला, "उद्याचे हवामान कसे असेल?" बाईनं इंग्रजीत माफी मागितली, समजलं नाही म्हणून. त्यानं पुन्हा सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. तिनं पुन्हा माफी मागितली.

"बरें झालें," आत्या म्हणाली. "आतां तुम्ही आम्ही एकच. चला, पानें मांडलीं आहेत."

* * *

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी जेवत होतो. रिंग नाही, काही नाही, स्क्रीन उजळला आणि त्यात रघूचा चेहरा. म्हणाला, आत्या, लोणचं नको, तुला प्रेशर आहे ना? न विचारता एकदम आत बघता येईल अशी सोय त्यानं आम्हाला न सांगता चालू करून ठेवली होती.

आत्या पानावरून उठली. हात धुतले. स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिली.

"रघू, घरांत आलास तेव्हां दार वाजवलेंस काय?"

तो म्हणाला की हे तुझ्याच भल्यासाठी आहे, पुन्हा पडलीस तर मला कळणार कसं? तिनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "भलें करायचें तर विचारून करावें," आणि कॅमेऱ्यावरची चिमुकली पट्टी सरकवून टाकली. पुढे पट्टी उघडलीच नाही. रघू फुरंगटला. एकदा मी बसमध्ये असताना त्याचा फोन आला. म्हणाला, अक्का, ती पडली त्या दिवसापासून फोन वाजला की तंजावूरचा तर नाही ना, हेच आधी बघतो, हे तिला कोण सांगणार?

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आंघोळ करून आली, स्वतः पट्टी उघडली आणि रघूला कॉल लावला. तो दिसल्यावर म्हणाली, "बघ. उभी आहें." आणि पट्टी बंद. तेव्हापासून रोज सकाळी असंच चाललंय.

* * *

स्क्रीनवर भोंग्याचं एक चित्र आहे. ते दाबून बोललं की आपला आवाज घरातल्या सगळ्या स्क्रीनवर जसाच्या तसा ऐकू येतो. आमच्याकडे स्क्रीन एकच, म्हणून कोणी त्याला हात लावला नव्हता. एका सकाळी आत्यानं सहज दाबलं आणि मला हाक मारली, "कॉफी झाली, ये." मी आले. पाठोपाठ रघूचा फोन आला. त्याच्या चेन्नईच्या घरात आत्याचा आवाज घुमला होता! त्यानं आमचा आणि त्याच्या घरचा, दोन्ही स्क्रीन आपल्याच अकाउंटला जोडले होते, त्यामुळे यंत्राच्या लेखी तंजावूर आणि चेन्नई मिळून एकच घर होतं.

आत्यानं मला नीट विचारून घेतलं. "म्हणजे मी इथें बोललें की तिथें ऐकूं येतें? आणि याला मराठी कळायची गरज नाही?"

मी म्हटलं, नाही.

रघूला शुगर आहे. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय, आणि तो लोळत पडतो. दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज उजाडताना भोंगा दाबायला लागली. "रघू, ऊठ. चालायला जा." रघू माझ्याकडे कुरकुर करतो. बंद करायचं बटण त्याच्याच फोनमध्ये आहे. अजून त्यानं ते दाबलेलं नाही.

त्याची मुलगी मीनू दहावीत आहे. तिला आमची मराठी सगळी कळते, पण उत्तर कायम इंग्रजीत, नाही तर तमिळमध्ये. तिच्या तोंडून मराठीचं एक अख्खं वाक्य आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आत्यानं नेहमीसारखी हाक दिली आणि कॉफीचा टंबलर उचलला. तेवढ्यात आमचाच स्क्रीन वाजला. मीनूचा आवाज होता, हळू, अडखळत.

"आज्जी, अप्पा उठला. चप्पल घातला. मग सोफ्यावर परत निजला. आणखी मोठ्यानं सांग की."