शेवटचा खिळा वहिनीचा

आमची वहिनी खुर्चीवर चढून दिवा बदलायलाही कुरकुर करायची. ती एक दिवस माझ्याच घराच्या छपरावर खिळे ठोकत बसेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

छपरं घालण्याचं काम माझ्या दादाचं. गेल्या वर्षी तो पडला आणि त्याचा गुडघा कायमचा आखडला. घरी बसून तो सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटू लागला, तेव्हा वहिनीनेच कंबर कसली. "तुम्ही खालून सांगा, मी वर चढते."

"पहिलं काम छोटीचं," दादा म्हणाला. छोटी म्हणजे मी. "ते गळलं तर शिडी विकायची आणि धंदा बंद."

जुनं छप्पर न उखडता त्यावरच नव्या डांबरी पट्ट्या बसवायच्या होत्या. त्यासाठी खालच्या फळ्या धड हव्यात. छपरावर टाच आपटून आवाज ऐकायचा, ही दादाची तपासायची रीत. आता टाच वहिनीची आणि कान दादाचे. तो बसत-उठत जिना चढून पोटमाळ्यात ठाण मांडून बसला. मांडीवर त्याचा लाडका हातोडा. वहिनीला त्याने दुसरा आणून दिला होता.

"तिथे पोकळ वाजतंय!" तो खालून ओरडला.

"फळी ठणठणीत आहे, तुमचं पोट वाजतंय!"

तेवढ्यापुरतं जुनं छप्पर उचकटून पाहिलं तर फळी कुजकी निघाली. वहिनीने जीभ चावली आणि नवी फळी बसवली.

पण पहिल्या ओळीतली पट्टी खालच्या जुन्या ओळीच्या कडेवर चढू नये म्हणून कापून अरुंद करायची असते, हे सांगायला दादाच विसरला. ओळीला फुगवटा आलेला पाहून वहिनीने ती आपणहून उचकटली आणि नीट मापात बसवली. मला तिचा असा अभिमान वाटला!

पाणी मारून पाहिल्याशिवाय शेवटचा खिळा ठोकायचा नाही, हा दादाचा नियम. मी शिडीवरून नळी धरली. वहिनी छपराच्या माथ्यावर बसून वाहणारं पाणी पाहत होती. दादा पोटमाळ्यात एकेक फळी हाताने चाचपत होता.

मग दादा पाय ओढत अंगणात आला. "कोरडं ठाक!"

आनंदाने माझ्या हातून नळीच सुटली आणि दादा नखशिखांत भिजला. वहिनी पोट धरून हसली.

दादाने आपला हातोडा माझ्या हाती वर पाठवला. "शेवटचा खिळा याने मार."

"मग इतके दिवस मांडीवर कशाला सांभाळलात?" वहिनीने वरून विचारलं.

"वाटायचं, मी परत चढेन."

"आणि आता?"

दादाने ओल्या हातांनी शिडी घट्ट पकडली. "आता मी शिडी धरतो. तू सावकाश उतर."