अठ्ठ्याऐंशी नंबरच्या घरातले दोन गोरे

नोंग सालावच्या पोस्टासमोर रम्फायचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, शाळेचे मोजे आणि गोऱ्यांचे नव्वद दिवस, एवढं सगळं तिथे होतं. पहिल्या चार गोष्टी पाटीवर लिहिल्या आहेत. पाचवी लिहायची गरज पडली नाही, कारण आमच्या तालुक्यात बायको करून राहिलेले गोरे सगळे मिळून अकरा, आणि अकराच्या अकरा तिचंच गिऱ्हाईक.

परदेशी माणसाला इथे राहायचं तर दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला कळवावं लागतं, की साहेब, मी अजून त्याच पत्त्यावर आहे. कचेरी एकशे दहा किलोमीटरवर, प्रांताच्या शहरात. बसनं जाऊन नंबर लावा, नाहीतर पोस्टानं पाठवा. पोस्टानं पाठवायचं तर सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म, पासपोर्टच्या पानांच्या कॉपी, प्रत्येक कॉपीवर निळ्या शाईत सही, मागची पावती, आणि स्वतःचाच पत्ता घातलेलं, दहा बाथचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. यातलं एक राहिलं की सगळं बोंबललं. आयुष्यभर जहाजं चालवलेले, शाळा चालवलेले हे पुरुष, पण परतीच्या पाकिटाला तिकीट लावायचं लक्षात राहील तर शपथ. मग रम्फाय सगळं करायची, आणि करताना त्यांना आमच्या ईसानी बोलीत मनसोक्त शिव्या घालायची. ते कौतुकानं मान डोलवायचे.

रम्फायचं वय एकसष्ट, उंची बेताची आणि आवाज पोस्टाच्या आतल्या खोलीपर्यंत जाणारा. नवरा ट्रकवर होता. बावीस वर्षांच्या संसारात तो घरी किती राहिला हे विचारलं तर ती बोटं मोजायला लागायची आणि एका हातावर थांबायची. मग एक दिवस तो वारला. फरक एवढाच पडला, ती सांगायची, की आता कुठे गेलाय ते नक्की कळलं.

तिच्या अकरा गोऱ्यांत सगळ्यात जुना ओड्वार. नॉर्वेचा, वय चौऱ्याहत्तर, मासेमारीच्या बोटींवर इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला. गावाला त्याचं नाव झेपेना, म्हणून तो वा काका झाला. हात थरथरायचे, त्यामुळे त्यानं स्वतः भरलेला फॉर्म म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखा दिसायचा. यावर रम्फायनं तोडगा काढला होता. नव्या वर्षाच्या सणाला, एकमेकांवर पाणी उडवून झालं की त्याला दुकानात बसवायचं आणि वर्षाचे चारही कोरे फॉर्म सही करून घ्यायचे. ते बिस्किटांच्या डब्यात जायचे. मुदत आली की एक काढायचा, मागच्या फॉर्मवरून पुढचा उतरवायचा आणि रस्ता ओलांडून रजिस्टर करायचा. चौदा वर्षं हेच चाललं होतं. डोकं वापरायची वेळ कधी आली नव्हती, आणि दोघांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वा काकाच्या बायकोनं, बुसाबानं, त्याची बॅग अंगणात आणून ठेवली. भांडण नाही, रडारड नाही. बारा वर्षं घोरणं ऐकलं, आता पुरे, असं तिनं शेजारणीला सांगितलं. घर बांधलं त्याच्या पैशानं, पण जमीन तिच्या नावावर, कारण परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. सगळ्याच गोऱ्यांचं तसं असतं आणि सगळ्यांना वाटतं आपलं तसं नाही. वा काका बॅग घेऊन बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेला. ही बातमी दुपारच्या आत सगळ्या गावाला कळली. फक्त फॉर्मला कळली नाही.

रम्फायला अर्थातच ठाऊक होतं. पण त्या खोलीला घर नंबरच नव्हता आणि फॉर्मला नंबर लागतो. शिवाय मागच्यावरून पुढचं उतरवायचं हा तिचा धर्म. परतीचं पाकीट आलं की पोस्टमन बुनलुआ पत्ता न वाचता ते रस्ता ओलांडून तिच्याच टेबलावर टाकायचा. असा वा काका कागदावर आणखी दोन वर्षं बुसाबाच्या घरात सुखानं नांदला.

खरं तर तो नांदत होता रम्फायच्या दुकानात. रोज चार वाजता यायचा आणि पावती आली का विचारायचा. पावती गेल्याच महिन्यात आलेली असली तरी विचारायचा. रम्फाय म्हणायची, ‘आली की सांगेन, सरकारला तुझी एवढी आठवण येत नाही.’ आणि स्टूल पुढे सरकवायची. तो सहापर्यंत बसायचा, बर्फ घातलेला चहा प्यायचा, अडकलेली मशीन खोलून सरळ करायचा. तो आला नाही त्या दिवशी ती गिऱ्हाइकांवर जास्त खेकसायची. यात काय आहे हे सगळ्या बाजाराला दिसत होतं. तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग बुसाबानं उर्सला आणलं. उर्स स्वित्झर्लंडचा, उंच, इस्त्रीच्या हाफ पँटमधला. त्यानं रम्फायला फॉर्मला हातही लावू दिला नाही. स्वतः पट्टी ठेवून, छापल्यासारख्या अक्षरात भरला, कॉपी तेवढ्या काढून घेतल्या आणि पत्ता घातला, घर नंबर अठ्ठ्याऐंशी. त्याच दिवशी वा काकाची मुदत होती. रम्फायनं डब्यातून फॉर्म काढला, मागच्यावरून उतरवला. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीतून एकशे दहा किलोमीटर गेली आणि एकाच टेबलावर एकापाठोपाठ एक उघडली गेली. एक घर, एक मालकीण, दोन नवरे.

फोन दुकानात आला. बोलणारा विरायुत नावाचा फौजदार होता. गुरुवारी येतो म्हणाला. दोन्ही परदेशी घरमालकिणीसकट घराच्या नंबराखाली हजर पाहिजेत, फोटो काढायचाय. रम्फाय हो हो म्हणाली, फोन ठेवला आणि वा काकाच्या पासपोर्टची कॉपी काढून तारीख बघितली. वा काकाचा वर्षभराचा परवाना पुढच्या महिन्यात संपत होता. खोट्या पत्त्याचा शिक्का बसला तर तो नवा मिळेल याची काही खात्री नव्हती. न मिळाला तर नॉर्वे. तिथे त्याचं होतं कोण, तर एक भावजय, जिच्याशी तो एका फ्रीझरवरून एकोणीस वर्षं बोलत नव्हता.

चार वाजता तो आल्यावर तिनं सांगितलं. त्यानं चहा संपवला, ग्लासातला बर्फ हलवला आणि आपल्या मोडक्या बोलीत म्हणाला, ‘जातो मग. तिकडे थंडी आहे. माणूस टिकतो, मासळी टिकते तसा.’

‘गप बस,’ रम्फाय म्हणाली. ‘अक्षर माझं आहे. जायचं की नाही ते मी ठरवणार.’

ती स्कूटरवर बसून थेट बुसाबाकडे गेली. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं त्याला तुझ्या भिंतीशी उभा कर, फोटो होऊ दे, मग हाकलून दे, असं तिनं गयावया करून सांगितलं. आयुष्यात तिनं कुणाची एवढी मनधरणी केली नव्हती, नवऱ्याचीही नाही. बुसाबा तशी वाईट बाई नव्हे. ती म्हणाली, माझी हरकत नाही, याला विचार. उर्स पपईच्या झाडाला खत घालत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तो अधिकाऱ्यांशी खोटं बोलत नाही, बोललेला नाही आणि बोलणार नाही. रम्फायनं त्याला हात जोडून नमस्कार केला आणि आमच्या बोलीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उर्सनं कौतुकानं मान डोलवली.

मग ती बर्फाच्या कारखान्याच्या मालकाकडे गेली. खोलीला नंबर लावून घे म्हणाली. तो म्हणाला, नंबर लावला तर मोजणीवाले येतील, मोजणीवाले आले तर अख्खा कारखाना दुसऱ्याच्या जमिनीवर आहे हे निघेल. तिथून ती परत आली आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

गुरुवारी फौजदार विरायुत अकरा वाजता आला. पोट सुटलेला, उन्हानं वैतागलेला, बगलेत फाईल. अठ्ठ्याऐंशी नंबरला जाऊन, उर्स आणि बुसाबाचा फोटो काढून, उर्सकडून अर्धा तास खरं बोलणं ऐकून तो दुकानात पोचला होता. वा काका आधीच येऊन बसला होता. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि पायाशी ती जुनी बॅग. ती बॅग बघून रम्फायला राग आला.

विरायुतनं दोन फॉर्म टेबलावर ठेवले. ‘यातला हा कुणी भरला, मावशी?’

‘मी.’

‘हा माणूस अठ्ठ्याऐंशीमध्ये राहत नाही हे माहीत होतं?’

‘अख्ख्या बाजाराला माहीत होतं. तुम्हालाच उशिरा कळलं.’

फौजदारानं पेनाचं टोपण काढलं. घरनंबर नाही, घरमालक नाही, तर मला हेच लिहावं लागेल, असं तो म्हणाला. आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. वा काका उठून उभा राहिला. पासपोर्ट पुढे करत म्हणाला, ‘तिची चूक नाही. कोऱ्या कागदावर सही मी केली. मी जातो.’

 रम्फाय दुकानामागच्या आपल्या घरात गेली. आत डबे पडल्याचा आवाज झाला, कुणाला तरी दिलेली शिवी ऐकू आली, आणि ती तांदळाच्या पिंपातून काढलेलं घराचं निळं पुस्तक घेऊन बाहेर आली. सरकारनं घराघराला दिलेलं ते पुस्तक. त्यात मालक म्हणून एकच नाव उरलं होतं, तिचं. पुस्तकावरचे तांदूळ झटकून तिनं ते फौजदारापुढे ठेवलं.

‘हा इथे राहतो. एकशे बारा.’

विरायुतनं पुस्तक उघडलं, तिच्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. ‘मावशी, परदेशी माणूस घरात आला की मालकानं चोवीस तासांत कळवायचं असतं. हा कधी आला?’

‘आत्ता,’ रम्फाय म्हणाली. ‘चप्पलसुद्धा काढायचीय अजून.’

 मोजे घ्यायला आलेली बाई मोजे हातात धरून उभीच राहिली. वा काकाला बोली मोडकीतोडकी यायची, पण एवढं त्याला समजलं. दुकानाच्या मागच्या दाराला उंबरा होता, आणि चौदा वर्षांत तो कधी त्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

‘बघतोस काय?’ ती म्हणाली. ‘साहेबांना दुसरी कामं आहेत.’

तो वाकला. थरथरत्या हातांना पट्टे उलगडेनात. रम्फाय खाली बसली, पुटपुटत तिनं दोन्ही चपला सोडवल्या आणि आपल्या चपलांशेजारी लावून ठेवल्या. मग त्यानं बॅग उचलली आणि आत गेला.

फौजदारानं घड्याळात बघून वेळ लिहिली. मागच्या पत्त्याबद्दल त्यानं दंडाची पावती फाडली, त्यावर तिनं घासाघीस करून पाहिली आणि ती फुकट गेली. शेवटी त्यानं फॉर्मच्या एका चौकोनावर पेन टेकवलं. ‘नातं काय लिहू?’

रम्फाय कधी नव्हे ती गडबडली. झेरॉक्सच्या मशीनचं झाकण तिनं उगीच उघडलं, उगीच लावलं. मग म्हणाली, ‘काहीतरी सभ्य लिहा.’

त्यानं काय लिहिलं ते तिनं त्या दिवशी वाचलं नाही. फोटोसाठी दोघांनी नंबराच्या पाटीखाली उभं राहायचं होतं. तर रम्फाय म्हणाली, थांबा, आणि आत जाऊन ओठांना लाली लावून आली. चौदा वर्षांत दुकानात कुणी ती लाली पाहिली नव्हती. पोस्टातून बुनलुआ आणि पोस्टमास्तर दोघं दारात येऊन उभे राहिले. तिनं त्यांना सगळ्यांसमोर शिव्या हाणल्या, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

संध्याकाळी तिनं डब्यातला एक सही केलेला फॉर्म काढला. मागचा फॉर्म उघडला आणि लगेच बाजूला सारला, त्यावरून काही उतरवता येणार नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती विचार करून एकेक अक्षर लिहीत होती. आतून वा काकाचं घोरणं ऐकू येत होतं. बुसाबाचं अगदीच काही चुकलं नव्हतं, हे तिला मान्य करावं लागलं.

परतीच्या पाकिटावर तिनं स्वतःच्याच दाराचा पत्ता घातला आणि तिकीट चिकटवलं. बावीस वर्षांच्या संसारात तुझा नवरा घरी राहतो का, हे एकाही कचेरीनं तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिला हो म्हणता आलं नसतं. आता दर नव्वद दिवसांनी तिला विचारणार होते, आणि ती निळ्या शाईत लिहून देणार होती की हो, राहतो.