सतरंज्या पुन्हा आमच्याच घरी

शांतवन अमोलिक या माणसाला कुणी कधी खूश झालेलं पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं. वाशीजवळच्या पावण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. चहा गोड झाला तर गोड झाला म्हणून आणि अगोड झाला तर अगोड झाला म्हणून त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. नगरकडच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या पोराचं नाव आईबापांनी मोठ्या आशेनं शांतवन ठेवलं होतं. माणसं नावाप्रमाणे निघाली असती तर आणखी काय हवं होतं!

त्यांची बायको रूथबाई मात्र अगदी वेगळ्या मातीची. नवऱ्याच्या सगळ्या किरकिरीवर तिचं एकच उत्तर असे, "बरं." एवढं म्हणायचं आणि स्वतःला जे करायचं तेच करायचं.

शहात्तर साली ही जोडी वाशीला सिडकोच्या घरात राहायला आली. खाडीवरचा पूल होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. इमारतींच्या मागं दलदल, पुढं धूळ, आणि डास म्हणाल तर विचारू नका. आसपासच्या कारखान्यांत लागलेली पाच-पंचवीस ख्रिस्ती घरं हळूहळू एकमेकांना शोधून काढत होती. मंडळी जमली, पण देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. एका शाळेनं रविवारी संध्याकाळी भक्तीसाठी बालवाडीचा वर्ग वापरायला दिला. तिथली बाकं एवढीशी, की मोठ्या माणसानं बसायचं म्हटलं तर गुडघे हनुवटीला लागायचे. मग बाकं भिंतीला लावून खाली सतरंज्या अंथरायचं ठरलं. सतरंज्या आल्या, गायनाची पुस्तकं आली, टाळ आणि खंजिरी आली, आणि हे सगळं मावेल अशी काळी लोखंडी ट्रंकही आली. ती ठेवायची कुठं, यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले, तेव्हा रूथबाई म्हणाली, "आमच्याकडं राहू द्या की."

झालं! त्या दिवसापासून दर रविवारी दोघं-तिघं येऊन ट्रंक शाळेत न्यायचे आणि भक्ती संपली की परत आणायचे. परत आणणाऱ्यांबरोबर त्यांच्या बायका यायच्या, मुलं यायची, ठाण्याहून भक्ती चालवायला येणारे पाळकसाहेब यायचे. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि आत रूथबाई मोठ्या पातेल्यात चहा टाकायची. निघताना सगळे "सलाम, सलाम" करत जिना उतरले की ती ट्रंकेला कुलूप लावायची. किल्ली तिच्या जुडग्यात असे.

शांतवनरावांना हे सगळं असह्य व्हायचं. पण तोंडानं किती बोलणार? कारखान्यातून दर नववर्षाला एक डायरी मिळायची. फुकट मिळालेली वस्तू वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे ते रोज तिच्यात दोन ओळी लिहीत. लिहिण्यासारखं काही नसलं तरी तक्रार असायचीच.

चौऱ्याऐंशी साली रूथबाई गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. तिला माती दिल्यानंतरच्या रविवारी कारखान्यातलाच शिवराम नेहमीप्रमाणे ट्रंक न्यायला आला. शांतवनराव दारात उभे राहून म्हणाले, "घेऊन जा, आणि परत आणू नका." शिवरामनं आणि आणखी एकानं ट्रंक उचलली आणि दोन इमारती सोडून राहणाऱ्या केशरबाईंच्या घरी नेऊन ठेवली.

शांतवनरावांनी त्या दिवशी दार लावलं ते लावलंच. भक्तीला जाणं बंद केलं. केशरबाई डबा घेऊन यायच्या, तो दारातच घ्यायचे आणि घासून दारातच परत द्यायचे. पुढं पुढं, "मला लागत नाही" म्हणून तेही थांबवलं.

असं वर्ष होत आलं. ठाण्याला दिलेली त्यांची मुलगी सुचित्रा एका रविवारी सकाळीच आली.

"पप्पा, मम्मीला वर्ष होतंय. उपकारस्तुती ठेवायला हवी."

ख्रिस्ती घरांत वर्षश्राद्ध नसतं. त्या जागी वर्षाच्या दिवशी मंडळीला घरी बोलवतात आणि गेलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानतात. पाळक प्रार्थना करतात, गाणी होतात, आणि घरातल्या मोठ्या माणसानं उभं राहून चार शब्द बोलायचे असतात. शांतवनरावांना हे पाठ होतं. दुसऱ्यांच्या घरच्या उपकारस्तुतीला ते कितीतरी वेळा बसले होते, आणि बोलणारा लांबण लावतो म्हणून कुरकुरलेही होते.

"कसले उपकार मानायचे?" ते म्हणाले. "धडधाकट बाई नेली माझी. त्याबद्दल थँक्यू म्हणू?"

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत तर कुणी जबरदस्ती करणार नाही. पण पप्पा, मम्मीबद्दल चार शब्द बोलायला या घरात दुसरं आहे कोण?"

ती गेल्यावर ते तेच मनात घोळवू लागले. खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं. मनात नसताना उभं राहून गोड गोड बोलणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नसत. आणि नाही बोललो तर वर्षाच्या दिवशी रूथ तशीच राहणार, तिच्यासाठी एक शब्द निघणार नाही, हेही सहन होईना. शेवटी त्यांना डायऱ्या आठवल्या. आठवणीनं दगा दिला तरी कागदावर काहीतरी सापडेल. रूथ कधी काय म्हणाली, कधी कशी हसली, कुठंतरी लिहिलंच असेल. कपाटावरच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक्याऐंशीची डायरी ओढून काढली, कारण त्या साली रूथबाईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

आणि वाचू लागले.

'सतरंज्या पुन्हा आमच्याच घरी. मंडळीत दुसऱ्या कुणाला घर नाही काय?'

'चहाची भुकटी आठवड्यात संपली. रूथला सांगितलं. बरं म्हणाली.'

'शिवराम खंजिरी वाजवत जिना चढला. शेजारी काय म्हणतील! रूथला सांगितलं. बरं म्हणाली.'

पान उलटावं तर पुढं तेच. ते स्वतःवरच भडकले. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्यातली रूथ कुठं आहे? नुसती 'बरं म्हणाली'! डायरी त्यांनी पलंगावर आपटली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मग परत येऊन ऑपरेशनचे दिवस काढले.

'रूथचं ऑपरेशन. शिवरामनं रक्त दिलं. नंतर दवाखान्यात माझ्याजवळ बसून डोकं खाल्लं. घरी जा म्हटलं तरी जाईना.'

'केशरबाईंच्या भाकऱ्या. जाड. तसं सांगितलं. आजही जाडच.'

'कराव्याची पुतळा कोळीण मासळी घेऊन आली. रूथला ताकद येईल म्हणते. पैसे घेईना. खवले सगळे मोरीत.'

'पाळकसाहेब आले. प्रार्थना फार लांबली.'

महिनाभराचं हे गाऱ्हाणं वाचता वाचता त्यांचं बोट एका पानावर थांबलं. बायको दवाखान्यात, मुलगी तेव्हा दहावीत, आणि आपण कारखान्यात. पण आज उपाशी राहिलो, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आज एकटा होतो, असंही नव्हतं. मीठ कमी पडलं तरी त्याची नोंद करणारा हा माणूस! उपाशी राहिला असता तर लिहिल्यावाचून राहिला असता काय? लिहिलं नव्हतं, कारण तशी वेळ कुणी येऊच दिली नव्हती.

त्यांनी उठून चालू वर्षाची डायरी काढली. ती कोरी होती. गेलं अख्खं वर्ष जिना शांत होता, दारात चपला नव्हत्या, चहाची भुकटी डब्यात तशीच पडून होती. तक्रारीला जागाच नव्हती. ते त्या कोऱ्या पानांकडं पाहत राहिले आणि मग या किरकिऱ्या माणसाला रडू आलं. मातीच्या दिवशीही आलं नव्हतं.

वर्षाच्या दिवशी मंडळी आली. सगळी आली, वर्षभर बंद दार पाहूनही आली. येताना त्यांनी घराघरांतल्या चादरी आणल्या होत्या, फुलाफुलांच्या, चौकटीच्या, एक तर बाळाची. त्या अंथरून सगळे दाटीवाटीनं बसले. गाणी झाली, पाळकसाहेबांनी बायबलमधलं वचन वाचलं, आणि मग सुचित्रानं वडिलांकडं पाहिलं.

शांतवनराव डायरी घेऊन उभे राहिले. "मला चांगलं बोलता येत नाही," ते म्हणाले. "मी लिहिलेलं वाचतो."

आणि त्यांनी सगळं वाचलं. भुकटी, खंजिरी, मासळीचे खवले. आधी लोक चपापले, मग एकेकाला हसू फुटू लागलं. पाळकसाहेबांच्या लांबलेल्या प्रार्थनेला तर पाळकसाहेबच मोठ्यानं हसले. भाकऱ्यांचं आलं तशा केशरबाई पदर खोचून ताठ बसल्या.

"जाड व्हत्या व्हय? आन् दोन-दोन मागून खायचा ते?"

"खात होतो," शांतवनराव म्हणाले. "तेवढंच लिहायचं राहिलं." मग त्यांनी डायरी मिटली. "रूथनं या घराचं दार उघडं ठेवलं म्हणून तुम्ही आत आलात. म्हणून आम्ही त्या साली उपाशी राहिलो नाही, एकटे राहिलो नाही. मला ते तेव्हा कळलं नाही. तिच्याबद्दल मी देवाचे उपकार मानतो. तुमच्याबद्दलही मानतो."

ते खाली बसले. सुचित्रा डोळे पुसत होती. सावरता सावरता शांतवनरावांचं लक्ष खालच्या चादरीकडं गेलं आणि मूळचा स्वभाव जागा झाला.

"ही बाळाची चादर कशाला आणली? सतरंज्या कुठं आहेत?"

शिवराम चादरीची किनार चाचपत राहिला. शेवटी केशरबाईच म्हणाल्या, "ट्रंकेत हायेत की भाऊ. कुलूप हाय त्येला. किल्ली तुमच्या हितं ऱ्हायली."

"म्हणजे वर्षभर?"

"चादरी टाकतो आमी," शिवराम म्हणाला. "पुस्तकं पण आतच हायेत ना, मग पाठ असलेली गाणी म्हणायची. चालतं."

"अरे, फिटर ना तू! दोन मिनिटांचं काम. तोडायचं कुलूप!"

"रूथबाईनं लावल्यालं कुलूप," केशरबाई म्हणाल्या. "आमी कसं तोडावं? आन् तुमाला मागायचं म्हंजी तुमच्या दुखण्याला हात लावायचा. म्हनलं, देतील तवा देतील."

शांतवनराव उठून आत गेले. जुडगं कपाटाच्या खिळ्याला होतं तिथंच होतं. त्यांनी रोज ते पाहिलं होतं, पण त्यात कुणाची अडलेली किल्ली आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं. ते जुडगं घेऊन बाहेर आले. केशरबाईंनी हात पुढं केला, पण त्यांनी किल्ली दिली नाही.

"ट्रंक इथं आणा," ते म्हणाले. "किल्ली या घराबाहेर जाणार नाही."

शिवराम आणि बाकीचे उठून धावलेच. थोड्या वेळात जिन्यावर धपधप ऐकू आली. शांतवनरावांनी स्वतः कुलूप काढलं. डांबरगोळ्यांचा वास आला. वरची सतरंजी रूथबाईनं घातलेल्या घडीतच होती, कडेला कड लागलेली, आणि ती मोडायला कुणाचा हात पुढं होईना. तेव्हा शांतवनरावांनी एक टोक धरलं, दुसरं केशरबाईंच्या हातात दिलं आणि सतरंजी झटकून अंथरली.

सगळे निघून गेल्यावर त्यांनी चालू वर्षाची ती कोरी डायरी घेतली आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिलं:

'सतरंज्या पुन्हा आमच्याच घरी. शिवराम ट्रंक जिन्याच्या कठड्यावर आपटत आला. रूथला सांगायचं होतं. उद्या चहाची भुकटी आणणे, जास्त.'