हरणाऱ्या टीमचा कोच

विलासदादा गेला त्या सकाळी मी कॉलेजच्या फुटबॉल पिचवर पांढऱ्या रेघा मारत होतो.

फोन सुनंदावहिनींचा होता. "सदाभाऊजी, हे उठलेच नाहीत हो."

मधलं वर्तुळ अर्धं झालं होतं. ते पूर्ण केलं. मशीन शेडमध्ये ठेवलं, तिथेच उभ्या उभ्या देवाचं नाव घेतलं आणि त्यांच्या घरी गेलो.

असं का केलं, ते मला विचारू नका. अर्धं टाकलेलं काम दादाला खपायचं नाही.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो.

विलासदादा कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळलेला. इथे साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचा आणि ड्यूटी संपली की कॉलेजच्या मुलांना फुटबॉल शिकवायचा. बुधवारी दुपारी मॅच. त्यासाठी तो शिफ्ट बदलून घ्यायचा.

आणि टीम हरायची.

खोटं कशाला बोलू? या सीझनला तर फारच हरली. टेबलात तळाला.

टीमच्या सपोर्टर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पालक, जुने विद्यार्थी, आपल्या मराठी मंडळातली माणसं. तिथे कितीतरी दिवस एकच विषय चालू होता. कोच बदलायचा की नाही?

इंग्रज पालक जपून लिहायचे. "लव्हली मॅन, बट..."

आपली माणसं जपून लिहीत नव्हती. "आपला आहे म्हणून किती झाकायचं? बाकीच्या पालकांसमोर लाज वाटते."

शेवटी कुणीतरी पोल टाकला. 'बदलायचा'च्या बाजूने भराभर मतं पडली.

तो गेल्याची बातमी आली आणि त्याच ग्रुपवर जोडलेले हात, फुलं, "लेजंड", "हार्टब्रोकन".

पोल वर तसाच पिन केलेला. तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

राग आला. अजून गेलेला नाही. म्हणूनच लिहितोय.

विलासदादाची एक रीत होती. ट्रेनिंगला आला तो मॅच खेळणार. चांगला असो, कच्चा असो. बेंचवर बसून कुणी घरी जाणार नाही.

सगळं भांडण या रीतीवरून होतं.

दिवाळीनंतरची एक मॅच. हाफ टाइमला आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. दादाने बेंचवरची सगळी मुलं आत पाठवली. आम्ही तीन-दोन हरलो.

टचलाइनवर डॉक्टर नितीन तापला. आमचा मित्र. त्याचा मुलगा आमचा स्ट्रायकर. त्यालाही दादाने बाहेर काढलं होतं.

"विलासदादा, हातातली मॅच घालवलीत तुम्ही!"

"घालवली की."

"अहो, माझ्या मुलाचं शेवटचं वर्ष आहे. हरणाऱ्या टीमकडे मोठ्या क्लबांचे स्काउट ढुंकून बघत नाहीत."

"डॉक्टर, तुमच्या पोराचं शेवटचं वर्ष हाय, तसं ह्या बेंचवरच्यांचंबी हाय."

मी मध्ये काहीतरी बोललो. नितीन माझ्याकडे वळला. "सदाभाऊ, तुम्ही भजन करा. टॅक्टिक्स राहू द्या."

लोक हसले. मीही हसलो. भजन करतोच मी, त्यात काय.

नितीन वाईट माणूस नाही. बापाची काळजी मला कळते. पण म्हणून तो बरोबर ठरत नाही.

त्या दिवशी गाडीत मी दादाला विचारलं, "जरा तडजोड केली तर नाही का चालणार?"

"तू शाळेत काय खेळलास गा?"

"खो-खो. आमच्या गावच्या शाळेत दुसरं काही नव्हतंच."

"मग खो-खोत पाटीवर बसलेला गडी खेळाच्या बाहेर असतो?"

"नाही. त्याला खो मिळाला की तो उठतो."

"झालं तर मग. बसलेल्याला उठवायचं. एवढंच करतोय मी, मर्दा."

क्रेमेटोरियममध्ये मुलं टीमची जर्सी घालून आली होती. सगळी. नितीन फार छान बोलला. त्याचे डोळे भरले होते, ते खरेच भरले होते.

नंतर कार पार्कमध्ये त्याने मला बाजूला घेतलं.

"दादांच्या नावाने एक ट्रॉफी ठेवू. आणि आता प्रॉपर कोच आणू. स्क्वॉड छोटा करायचा, बेस्ट इलेव्हन फिक्स."

"म्हणजे नाव ठेवायचं आणि रीत टाकायची?"

"भावनेच्या भरात बोलू नका. तुम्हीच सांगा, दुसरं आहे कोण?"

खरंच, कोण होतं?

दादाने मागे लागून मला कोचिंगचा पहिला कोर्स करायला लावला होता. नंतर "माझा असिस्टंट हो" म्हणून पिच्छा पुरवला. मी म्हणायचो, "दादा, मला इंग्रजीत ओरडता येत नाही."

"मराठीत ओरड. कुणावर ओरडलास ते पोरांना बरोबर कळतं."

मी हसून विषय बदलायचो. रेघा मारणं मला पुरेसं होतं.

या सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, जरा वेळ बसलो आणि कॉलेजच्या हेड ऑफ स्पोर्टना भेटायला गेलो. सीझन संपेपर्यंत टीम मला द्या, म्हणालो. रीत तीच राहील, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पेरेंट्स चिडतील. टीम खालच्या लीगमध्ये गेली तर सगळा दोष तुमच्यावर येईल."

म्हटलं, येऊ द्या.

ग्रुपवरच्या मित्रांनो, माझ्याबद्दल खुशाल चर्चा करा. मी वाचीन. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आणायचा तर आणा. पण विलासदादा गेला म्हणून त्याची मुलं बेंचवर बसणार नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

दादा, तुला माझा शेवटचा नमस्कार.

काल संध्याकाळी ट्रेनिंग मी घेतलं. आलेल्या सगळ्यांना सांगितलं, बुधवारी तुम्ही सगळे खेळणार आहात.